फर्स्ट परेड ते वाराई

भारतीय लष्करातून निवृत्त झालेला वाहनचालक मुलकी मालवाहतुकीत शिरतो, तेव्हा गाडी चालवण्याच्या बाबतीत त्याला शिकण्यासारखे फारसे काही उरलेले नसते. शिकायचे राहिलेले असते ते गाडी उभी करून बसणे, आणि हा अभ्यासक्रम कोणत्याही प्रशिक्षण केंद्रात उपलब्ध नसल्यामुळे तो त्याला कळंबोलीच्या लोखंड बाजारात, भिवंडीच्या गोदामांसमोर आणि चाकणच्या कारखान्यांच्या फाटकाबाहेर स्वखर्चाने पुरा करावा लागतो. साध्या शिपायाला किमान पंधरा वर्षांच्या सेवेनंतर निवृत्तिवेतन लागू होत असल्याने हा विद्यार्थी बहुधा चाळिशीच्या आसपासचा असतो. सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत फौजेतून परतलेल्या कोणालाही, तो हवालदार असो वा नाईक, ‘मेजर’ म्हणण्याचा प्रघात असल्यामुळे निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी त्याला परस्पर बढती मिळते. मात्र या पदाबरोबर हाताखाली माणसे येत नाहीत, आलाच तर एक क्लीनर येतो, आणि तोही पहिल्या ढाब्यापर्यंत आज्ञा पाळतो.

लष्करी वाहतुकीचे स्वरूप आधी ध्यानात घेतले पाहिजे. शिधा, इंधन आणि अन्य सामग्री सैन्यापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी प्रामुख्याने आर्मी सर्व्हिस कोअर या दलाकडे असते, आणि त्याखेरीज प्रत्येक पलटणीचा स्वतःचा वाहन विभाग असतो, ज्याला सर्वजण ‘एमटी’ म्हणतात. या व्यवस्थेत कोणती गाडी, कोणता माल, किती वाजता निघणे, पुढच्या गाडीपासून किती अंतर राखणे, कोठे थांबणे आणि चहा कधी पिणे हे सारे वरून ठरून येते. सुमारे साडेअकरा हजार फूट उंचीच्या झोजी ला खिंडीतून, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही अशा रस्त्याने, ताफ्यातली गाडी पार करणारा चालक अत्यंत कठीण काम करत असतो, परंतु त्या कठीण कामात भाड्याची घासाघीस, रिकामी गाडी परत कशी न्यावी ही विवंचना आणि ‘कुठवर आलात?’ असे विचारणारा दर अर्ध्या तासाचा फोन यांपैकी काहीही नसते. दरीची भीती त्याला ठाऊक असते. शेठची भीती नवीन असते.

लष्करी चालकाच्या अंगी मुरलेली सवय म्हणजे ‘परेड’, आणि येथे हा शब्द कवायतीच्या अर्थाने घ्यावयाचा नाही. गाडी सुरू करण्यापूर्वीची तपासणी ती ‘फर्स्ट परेड’, वाटेत थांब्यावर होते ती ‘हॉल्ट परेड’ आणि मुक्कामी पोहोचल्यावरची ‘लास्ट परेड’. तेल, पाणी, पट्टा, हवा, चाकांचे नट, गाडीखाली काही ठिबकते आहे काय, हे सारे ठरलेल्या क्रमाने पाहिले जाते. असा मनुष्य कसारा घाटाखालच्या ढाब्यावर ट्रक लावतो, तेव्हा इतर चालक बाजेकडे वळत असताना तो चाकांच्या बाजूने चालत जातो, प्रत्येक हबवर तळहात टेकवतो, एखाद्या चाकापाशी हात चटकन मागे घेतो, पुन्हा वाकून पाहतो आणि क्लीनरला पाना आणायला सांगतो; क्लीनर तोवर डाळ-तडक्याची ऑर्डर देऊन बसलेला असतो. मुलकी परंपरेतही तपासणी आहे, हे न्यायाने नोंदवले पाहिजे: टायरवर टामी, म्हणजे लोखंडी दांडा, आपटून आवाज ऐकणे, देवाच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावणे आणि पुढच्या बंपरचे लिंबू-मिरची सुकले असल्यास बदलणे. यांतील पहिली कृती शास्त्रीय असून उरलेल्या दोन त्याहून अधिक नियमितपणे पार पाडल्या जातात.

उटीच्या बाबतीत दोन्ही संस्कृतींतील अंतर विशेष दिसते. उटी म्हणजे उभ्या गाडीच्या चाकाखाली लावायचा अडसर. लष्करी गाडीबरोबर ती लाकडाची असते, वापरून झाली की जागच्या जागी जाते आणि हरवली तर तिचा जाब द्यावा लागतो. मुलकी ट्रकची उटी म्हणजे रस्त्याकडेचा धोंडा; गाडी निघाली की तो तिथेच राहतो, आणि रात्री येणाऱ्या दुचाकीस्वाराला त्याचा पत्ता लागतो. माजी सैनिक उतरून तो धोंडा बाजूला करतो, एवढ्यावरूनही त्याला लांबून ओळखता येते.

खरी फजिती सुरू होते ती कागदांपाशी. लष्करी गाडीच्या क्रमांकाच्या सुरुवातीला वर टोक असलेला बाण असतो, आणि 1901 सालच्या एका कायद्यान्वये कर्तव्यावरील लष्करी वाहनांना पथकर माफ आहे, त्यामुळे नाक्यावर थांबून हिशेब करणे ही कल्पनाच या चालकाला परकी असते. बाणाच्या जागी ‘एमएच’ आल्याबरोबर हे वैभव संपते. फास्टॅगमधील शिल्लक संपली की मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू होतात, आणि त्या हॉर्नना हुद्दा कळत नाही. मग येते बिल्टी, म्हणजे कोणाचा माल कोणाकडे चालला आहे याची पावती. विमा, पासिंग, परमिट, पीयूसी. आणि पन्नास हजार रुपयांहून अधिक किमतीच्या मालासाठी ई-वे बिल. या ई-वे बिलाची मुदत साधारणपणे दर दोनशे किलोमीटरला एक दिवस अशी धरलेली आहे. शासनाच्या मते ट्रकला दिवसाला दोनशे किलोमीटर पुरेत, शेठच्या मते सहाशे झालेच पाहिजेत, आणि लेखी आज्ञा हीच खरी आज्ञा मानण्याची सवय लागलेला मेजर प्रारंभी शासनावर विश्वास ठेवतो.

वजनाचेही तेच. केंद्र सरकारने 2018 साली दोन आसांच्या ट्रकची एकूण वजनमर्यादा 16.2 टनांवरून 18.5 टन केली, तेव्हा ओव्हरलोडिंग थांबेल अशी भाबडी अपेक्षा होती. व्यवसायाने या वाढीचे स्वागत केले आणि ओव्हरलोडिंग 18.5 टनांच्या पुढे सुरू केले. अधिक वजनाला वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार असा दंड कायद्यात असूनही ‘अजून दोन टन बसतील की, मेजर’ हे वाक्य कोणत्याही वजनकाट्यावर ऐकू येते. गाडीच्या क्षमतेचा आकडा हा सूचना नसून हुकूम असतो, अशा समजुतीत वाढलेल्या माणसाने यावर काय बोलावे? तो बहुधा काहीच बोलत नाही, फक्त गाडी काट्यावरून खाली घेत नाही.

तथापि या संक्रमणातील सर्वांत दुर्बोध प्रकरण वाराई हे होय. माल चढवण्या-उतरवण्याचा जो खर्च वास्तविक मालाच्या मालकाने द्यावा, तो ट्रककडून वसूल करण्याच्या प्रथेला महाराष्ट्रात वाराई म्हणतात, आणि तिच्याविरुद्ध वाहतूकदारांच्या संघटना वर्षानुवर्षे तक्रार करत आल्या आहेत. माजी सैनिकाला पहाटे सहाची वेळ दिली की तो पावणेसहाला फाटकावर हजर होतो. फाटक दहाला उघडते, नंबर दुपारी लागतो, हमाल जेवायला गेलेले असतात, आणि संध्याकाळी माल उतरल्यावर त्याच्याकडेच पैसे मागितले जातात. तो पावती मागतो. आजूबाजूचे चालक त्याच्याकडे ज्या करुणेने पाहतात, तीत थोडे कौतुकही असते. निवृत्तीच्या आसपास सैनिकांसाठी पुनर्वसन महासंचालनालय निरनिराळे अभ्यासक्रम चालवते. त्यांत ‘वाराईची घासाघीस’ हा विषय अद्याप आला नसावा. कामाच्या तासांचे म्हणाल तर, 2025 पर्यंत लागू असलेल्या 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास काम सांगितले होते खरे, परंतु तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होई, आणि शेठकडे मोजायला गेले की चारच माणसे भरत.

एका शाखेत मात्र हा मनुष्य पहिल्याच दिवसापासून घरचा वाटतो, ती म्हणजे पेट्रोल-डिझेलच्या टँकरची. धोकादायक माल वाहण्यासाठी चालकाला तीन दिवसांचे प्रशिक्षण घ्यावे लागते. डेपोच्या फाटकावर अग्निशामक नळकांडे आहे काय, कागद आहेत काय, काडेपेटी बाहेर ठेवली काय असे प्रश्न विचारले जातात, आणि इतर चालकांना जाच वाटणारी ही विचारपूस त्याला माहेरची वाटते.

जून 2022 मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेमुळे चार वर्षांतच बाहेर पडणारे तरुण आता या रांगेत येतील. पंचवीस टक्क्यांपर्यंतच अग्निवीर कायम होणार, आणि उरलेल्यांना निवृत्तिवेतन नसल्याने जादा दोन टनांना नकार देणे त्यांना मेजरइतके परवडणार नाही. म्हणून वाहतूक व्यावसायिकांना विनंती अशी की, माजी सैनिक चालकाची चाचणी घेण्यात डिझेल जाळू नये. त्याला आठ दिवस कचेरीत मुनीमजींच्या शेजारी बसवावे, बिल्टी, वाराई आणि परतीचे भाडे यांचा हिशेब समजावून द्यावा, आणि गाडीतला बिघाड त्याने कागदावर लिहून दिला, तर तो कागद फाइलला न लावता गाडी गॅरेजला लावावी.