उघड्यावरची फळी : सातारा-सांगलीकरांसाठी डेक-मार्गदर्शिका

घराला लागून उघड्यावर फळ्यांचा कट्टा करायचा, त्यावर वेताच्या दोन खुर्च्या टाकायच्या आणि संध्याकाळी चहा घेत लांब कुठंतरी बघत बसायचं, याला डेक म्हणतात. लांब काय दिसतं ते प्लॉटवर अवलंबून. पाचगणीत कृष्णेचं खोरं दिसतं, सांगलीच्या विश्रामबागेत शेजाऱ्याची पाण्याची टाकी. सदर मार्गदर्शन दोन्ही वर्गांतील डेकेच्छूंसाठी आहे.

फळी लाकडाची घ्यावी की कॉम्पोझिटची, हे ठरवण्यासाठी आधी घरात बैठक बोलवावी. वडील ‘साग’ एवढाच शब्द उच्चारून पुन्हा पेपर वाचायला घेतील. चिरंजीव मोबाइलवर परदेशातल्या डेकचा व्हिडिओ दाखवतील. त्यात पाऊसही नसतो आणि पाहुणेही. मग आत्या विचारतील, ‘‘त्याच्यावर कुरडया वाळतील का रं?’’ सगळे हसतील. हसू नये. सबंध बैठकीत तेवढा एकच तांत्रिक प्रश्न विचारला गेलेला असतो.

कारण सातारा-सांगलीत उघडी, सपाट, उन्हातली जागा मोकळी राहत नाही. डेकवर फेब्रुवारीत ज्वारी, मार्चमध्ये हळकुंडं, एप्रिलमध्ये कुरडया-सांडगे आणि दिवाळीआधी गाद्या येणार. एप्रिलच्या उन्हात गडद रंगाचं कॉम्पोझिट असं तापतं की कुरडया झकास वाळतील, पण त्या उलटायला अनवाणी गेलेली आत्या दोन पावलांत परत येईल. हळद हा तर सांगलीचा खास विषय. इथल्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. साध्या कॉम्पोझिटमध्ये लाकडाचा भुसा असतो. वर प्लॅस्टिकचा थर चढवलेला नसेल तर हळद-तेलाचा डाग त्यात मुरतो. लाकडावरचा डाग सुतार रंधा मारून काढेल. कॉम्पोझिटला रंधा चालत नाही, तो डाग वास्तूचा भाग समजावा.

आता वडिलांचा साग. ‘‘मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा बघ, अठराव्या शतकातलं लाकूड अजून उभं आहे,’’ हा दाखला निघणारच. दाखला खरा, पण अर्धा. वाड्याचं लाकूड छपराखाली असतं. खांब मातीत पुरत नाहीत, दगडी तळखड्यावर उभे करतात, म्हणजे ओल वर चढत नाही. कडीपाटाच्या डोक्यावर कौलं असतात. त्या कारागिरांनी लाकूड पावसात उघडं टाकून त्याच्या टिकाऊपणावर भरवसा ठेवला नव्हता. आपण नेमकं तेच करायला निघालो आहोत. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असतं, वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही, हे कबूल. पण वखारीत सागाच्या भावात जी फळी मिळते तिच्या कडेला पांढरा पट्टा असतो, तो गाभा नव्हे. वाळवीला हा फरक चांगला कळतो. गिऱ्हाइकाला बहुधा पुढच्या पावसाळ्यात कळतो. लाकूड सुकलेलं आहे की ओलं, हे तुम्हाला समजत नसेल तर मिरजेत तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत एक चक्कर मारावी. तिथं तुणीचं लाकूड पुरतं सुकल्याशिवाय कुणी त्याला हत्यार लावत नाही.

‘‘लाकूड विकत कशाला, बांधावर आपला साग आहे की,’’ असं म्हणणाऱ्या काकांना नम्रपणे 1964 चा झाडे तोडण्याबाबतचा अधिनियम दाखवावा. झाड तुमचं, बांध तुमचा, सातबारा तुमचा. तरी कुऱ्हाडीआधी परवानगी लागते आणि लाकूड हलवायला पास. तोवर चिरंजीवांचं लग्न होईल आणि डेकच्या जागी स्वयंपाकघर वाढवायची टूम निघेल.

कॉम्पोझिट म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक यांचा वितळवून केलेला संसार. दुकानात मात्र ‘डब्ल्यूपीसी’ (वुड-प्लॅस्टिक कॉम्पोझिट) म्हटलं की बऱ्याचदा पीव्हीसी फोमचा पांढरट बोर्ड पुढं करतात. तो किचनच्या कपाटाला उत्तम. डेकवर त्याच्यावरून फक्त मांजर चालवावं.

खरी फळी मिळाली तरी मिस्त्री उरतोच. फळीला फळी घट्ट भिडवणं हा त्याच्या इभ्रतीचा प्रश्न असतो. ‘‘साहेब, नखभर फट दिसली तर पैसे देऊ नका!’’ इथं हात जोडून फट मागावी. लाकूड पाण्यानं रुंदीत फुगतं, कॉम्पोझिट उन्हानं लांबीत वाढतं. फट नसेल तर पावसाळ्यात लाकडाच्या आणि मे महिन्यात कॉम्पोझिटच्या फळ्या मधोमध उचलतात आणि डेकला घाट पडतो. घाट बघायचाच असेल तर पसरणीचा आहे.

त्याहून मोठा घोळ फळीखाली होतो, तिथं कुणी वाकून बघत नाही. वर पंधरा-वीस वर्षांची वॉरंटी असलेली फळी आणि खाली तिला आधार म्हणून स्लॅबच्या कामातून उरलेलं सेंट्रिंगचं लाकूड! सिमेंट लागलेलं, खिळ्यांनी चाळण झालेलं, एका टोकाला आधीच वाळवीचं घर. वाळवी वरच्या फळीला तोंड लावत नाही, खालचा वासा खाते, आणि वॉरंटी शाबूत असताना माणूस खुर्चीसकट खाली जातो. वॉरंटीच्या कागदात वाशाचा उल्लेख नसतो.

पावसाचं म्हणाल तर एकाच नियमात दोन्ही जिल्हे बसत नाहीत. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो. आटपाडी-जतकडे पाचशेच्या आसपास पडला तरी पेढे वाटावेत. त्या दुष्काळी पट्ट्यातल्या जुन्या माणसांनी माळवद घातलं : तुळया, फळ्या, वर पांढरी माती. रात्री त्यावर झोपले, दिवसा त्यावर वाळवण घातलं. डेकचे सगळे उपयोग झाले आणि ब्रोशर छापावं लागलं नाही.

कृष्णाकाठच्यांनी मात्र वेगळा विचार करावा. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेलं. सुकं सागवान पाण्यापेक्षा हलकं, ते तरंगतं. भरीव कॉम्पोझिट बहुधा पाण्यापेक्षा जड, ते बुडतं. म्हणजे महापुरात सागाचा डेक कर्नाटकातल्या अलमट्टीच्या दिशेनं रवाना होईल आणि त्याच्या मालकीवरून दोन राज्यांत पत्रव्यवहार सुरू होईल. कॉम्पोझिटचा गाळाखाली सापडेल, पिचकारीनं धुऊन घ्यावा.

तेव्हा निवाडा असा. महाबळेश्वर-पाटणच्या पावसात भरीव कॉम्पोझिट, तेही गॅल्व्हनाइज्ड लोखंडी सांगाड्यावर, खालून पाणी निघून जाईल अशा उतारावर. साताऱ्यात, कराडात, वर पत्रा किंवा कौलं घालणार असाल तर साग, आणि दरवर्षी पावसाळ्याआधी तेलाचा हात. पुराच्या रेषेत घर असेल तर शहाबादी फरशी घालून त्याला डेक म्हणा, कोण अडवतंय?

आगाऊ रक्कम देण्याआधी दुकानातून फळीचा वीतभर तुकडा मागून आणा. आठ दिवस गच्चीवर तापवा, दोन दिवस बादलीत बुडवून ठेवा, मग त्यावर हळद-तेल सांडून आत्यांच्या ताब्यात द्या. तुकडा द्यायला जो दुकानदार नाही म्हणेल, त्याच्याकडून फळी घेऊ नका.