जिभेचा उपास

नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही मराठी चर्चमध्ये जा, तिसऱ्या बाकावर खिडकीशी एक मावशी बसलेली असते. खिडकीशी अशासाठी, की उशिरा कोण आलं हे मान न वळवता कळावं. मांडीवर बायबल, त्यावर ‘उपासना संगीत’, त्यावर चष्म्याचं घर. ही मावशी कुणाची निंदा करत नाही. बाप्तिस्मा झालेल्या बाईला ते शोभत नाही, असं तिचं स्पष्ट मत आहे. ती फक्त प्रार्थनेचे विषय देते.

“त्या पिवळ्या बंगल्यातल्या धाकटीला प्रार्थनेत धरा गं,” ती महिला मंडळात म्हणते.

“का हो मावशी, काय झालं?”

“नको बाई, मी कशाला सांगू?” आणि डोळे मिटून ती थेट देवाला सांगते. ‘हे प्रेमळ पित्या, तुला सगळं ठाऊकच आहे’ अशी सुरुवात करून ठाऊक असलेलं सगळं ती त्याला पुन्हा पुरवते: मुलाचं गाव, त्याचा पगार, दोघं भिंगारला कोणत्या रसवंतीत दिसली ते. सर्वज्ञाचा पत्ता चुकू नये म्हणून गल्लीसुद्धा. आमेन होईपर्यंत सगळ्या बायकांचे डोळे मिटलेले आणि कान टवकारलेले.

याच समाजातल्या लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त नवऱ्याचा तापटपणा नवऱ्याच्या नावानिशी लिहिला आणि स्वतःची फजिती त्याहून मोकळेपणानं. १९३४ साली पहिला भाग आला. प्रार्थनेचं पांघरूण त्यांना कधी लागलं नाही. पण मावशीला हे सांगायला जावं, तर आपणच पुढच्या बुधवारी प्रार्थनेचा विषय व्हायचो.

शिव्याही मावशीनं केव्हाच सोडल्या. आता ती आशीर्वाद देते, फक्त पट्टी जुनीच आहे. “देव तुझं भलं करो!” हे शब्द तिच्या ओसरीवरून आले की क्रिकेट खेळणारी पोरं बॅट टाकून पळतात. भाजीवाल्याला ती नीतिसूत्रांचा अकरावा अध्याय ऐकवते, त्यात खोट्या तराजूचा देवाला वीट येतो असं आहे. तो बिचारा दरवेळी दोन मिरच्या जास्त टाकतो.

खरी रंगत संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत. “हे प्रभो, आमचं बोलणं मिठानं रुचकर कर,” मावशी म्हणते, “आणि या घरातली आमटीसुद्धा.” सून मिशनच्या शाळेत शिकलेली. ती पुढची प्रार्थना उचलते : “आणि हे प्रभो, ज्यांना डॉक्टरांनी मीठ बंद केलंय, त्यांना आज्ञापालनाचं मन दे.” डोळे कुणी उघडायचे नाहीत, मधे कुणी बोलायचं नाही. मावशीचे यजमान दोन्ही प्रार्थनांना सारख्याच जोरानं आमेन म्हणतात. त्यांच्या संसाराची पन्नाशी उगाच नाही झाली.

यंदा उपवासकाळाच्या आदल्या रविवारी पाळकसाहेबांनी याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय काढला. एवढीशी जीभ, पण अख्खं रान पेटवते, तो. सगळं चर्च तिसऱ्या बाकाकडे बघू लागलं. मावशीनं वळून चौथ्या बाकाकडे बघितलं.

पण घरी गेल्यावर काहीतरी लागलं असावं. कुणी मटण सोडलं, कुणी चहा. मावशीनं जाहीर केलं की चाळीस दिवस कुणाविषयी चकार शब्द काढायचा नाही. विषयसुद्धा द्यायचे नाहीत. आणि बाईनं ते पाळलं! यजमान दुसऱ्याच दिवशी विचारू लागले, “बरं नाही का गं?”

आठवड्याभरात मंडळीचा कारभार कोलमडला. कोण आजारी, कुणाची नोकरी गेली, कुणाच्या घरी पाहुणे आणि डब्यात पीठ नाही, काही कळेना. रजिस्टर पाळकांकडे होतं, पण बातम्या मावशीकडे. एक म्हातारबाबा मांडीचं हाड मोडून दवाखान्यात पडले, हे पाळकसाहेबांना त्यांच्या डिस्चार्जच्या दिवशी समजलं. धावत गेले, तर खाटेखाली मावशीचा डबा. रोज दोन वेळा येत होता म्हणे, न बोलता. मावशीचे पाय केव्हाच ख्रिस्ती झाले होते. जिभेचा बाप्तिस्मा तेवढा राहिला होता.

संध्याकाळी पाळकसाहेब ओसरीवर हजर.

“सलाम मावशी. काही... प्रार्थनेचे विषय?”

मावशीनं ओठांवर बोट ठेवलं. मग ते किंचित बाजूला सरकवून म्हणाली, “पाळकसाहेब, राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंत दिवस शेहेचाळीस. उपास चाळीस. मधले सहा रविवार पुनरुत्थानाचे, ते धरत नाहीत. बरोबर ना?”

“बरोबर.”

“आज मंगळवार. रविवारी उपासना झाली की लिंबाखाली या. वही आणा.”