किती जुनं आहे हो?

विद्यापीठाच्या ग्रंथालयात दोन तऱ्हेची माणसं येतात. परीक्षा जवळ आल्यावर येणारी आणि परीक्षा कायमच्या संपल्यावर येणारी. अप्पा दुसऱ्या जातीचे. बँकेतून निवृत्त झाले आणि पुढच्याच सोमवारी चर्चगेटला उतरून, ओव्हल मैदानाच्या कडेकडेनं राजाबाई टॉवरखाली हजर झाले. तेव्हापासून येतच आहेत. घरी सांगतात, "संशोधन चाललंय." कशाचं, ते सुनेनं कधी विचारलं नाही. दुपारी घर मोकळं मिळतं, एवढं तिला पुरतं.

अप्पांना पुस्तक नको असतं, 'दुर्मीळ' हवं असतं. पोथी समोर आली की पहिला प्रश्न, "किती जुनं आहे हो?" दुसरा, "आज याचे किती येतील?" आत काय लिहिलंय, हा तिसरा प्रश्न त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेला नाही.

नवखा माणूस सापडला की ते त्याला आधी इमारत ऐकवतात. "प्रेमचंद रायचंदांनी पैसे दिले, मनोऱ्याला आईचं नाव लावलं. दोनशे ऐंशी फूट! १८७८ साली काम पुरं झालं. आणि गंमत म्हणजे आराखडा काढणारा स्कॉटसाहेब मुंबईत कधी आलाच नाही!" साहेबानं मुंबईत पाऊल न टाकता ग्रंथालय उभं केलं. अप्पा रोज ग्रंथालयात पाऊल टाकतात आणि ग्रंथात शिरत नाहीत. निष्ठा दोघांची सारखीच.

पोथीचं लाल फडकं ते अंतरपाट दूर करावा तसं सोडतात. मग डोळे मिटून दीर्घ श्वास. "वेखंड! कसर लागू नये म्हणून जुनी माणसं ठेवायची. काय वास टिकलाय!" वास शेजारच्या प्राध्यापकांनी कपाळाला चोळलेल्या बामचा होता. फारसी हस्तलिखितही त्यांनी एकदा मागवलं, डावीकडून उघडलं आणि शेवटच्या पानालाच पहिलं समजून अर्धा तास वेलबुट्टी न्याहाळली. या अरबी, फारसी, उर्दू हस्तलिखितांची सूची सरफराज यांनी १९३५ साली छापून ठेवली आहे. संस्कृत-प्राकृत पोथ्यांची देवस्थळींनी, १९४४ साली. एकेक पोथी हातात घेऊन, पानं मोजून, आदि-अंत टिपून केलेलं ते काम. अप्पांनी या सूच्या कधी उघडल्या नाहीत. छापील ना त्या! छापलेलं कसलं दुर्मीळ?

परवा त्यांच्या टेबलाशी पीएचडी करणारी एक मुलगी बसली. अप्पांनी पोथीतल्या पिवळ्या पट्ट्यावर बोट रोखलं. बोट आणि पान यांत बरोब्बर दोन इंच अंतर. ते मात्र त्यांनी कधी चुकवलं नाही.

"हा हरताळ. पिवळं खनिज असतं. लिहिताना चूक झाली की त्यावर फासायचे आणि वर पुन्हा लिहायचे. 'हरताळ फासणं' आलं ते इथून!"

माहिती शंभर टक्के खरी होती. मुलीच्या डोळ्यांत आदर दाटला. "पण काका, खोडलेलं काय होतं? आणि वर काय लिहिलंय?"

"ते जाऊ दे गं, तू रंग बघ!"

तिनं रंग बघितला नाही. पोथीचं शेवटचं पान काढलं आणि पुटपुटत वाचू लागली. नकलून मान, पाठ, कंबर मोडलेल्या लेखनिकानं, बहुतेक लेखनिक घालत तशीच, तिथं विनवणी घातली होती: पोथीला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधणीपासून जपा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका.

टेबलावर शांतता पसरली. अप्पांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि मान डोलावली.

"बघ! म्हणूनच मी कुणाला हात लावू देत नाही."

मुलगी हसू दाबत कागदावर पेन्सिलनं काहीतरी टिपू लागली. तिचं काम आठवड्याभरात आटोपलं, ती गेली. अप्पा अजून येतात, आणि त्यांची गंमत बघायला म्हणून मीही येतो. कुठली पोथी वाचलीत, असं सुदैवानं मलाही अजून कुणी विचारलेलं नाही. लेखनिकानं सांगितलेल्या चार शत्रूंपैकी तेल, पाणी आणि सैल बांधणी यांचा बंदोबस्त करता येतो. चौथ्याची हजेरीवहीत रोज सही असते. कधी अप्पांची वर, कधी माझी.