भुतासकट खोली

नॉर्वेच्या फियॉर्डकाठी नुसत्या हॉटेलात उतरणं आता कमीपणाचं. वालडालच्या युवेत हॉटेलात भिंतीच काचेच्या. चित्र नाही अशी तक्रार करायची सोय नाही. ओड्डाच्या डोंगरात पाइनच्या खोडाला टांगलेली घरटी आहेत. तिथे सामान पाठीवर मारून चढा आणि वर पैसेही मोजा. १८९१च्या युनियन ओये हॉटेलातल्या निळ्या खोलीत म्हणे मोलकरणीचं भूत वावरतं. आपल्याकडे अशा वास्तूचं भाडं पडतं, तिथे तीच जाहिरात. गंमत म्हणजे १९५७च्या कायद्यानुसार मोकळ्या रानात, घरांपासून १५० मीटर लांब, तंबू ठोकून दोन रात्री फुकट राहता येतं. फियॉर्ड तोच. पण फुकटातल्या देखाव्याचं कौतुक चारचौघांत सांगायचं कसं?