मॅडम, रेखांश कापला गेलाय

भावी शिक्षकाला हल्ली तंत्रज्ञान यावंच लागतं. सूक्ष्म पाठात प्रस्तावना फसली तर मार्गदर्शक सांभाळून घेतात. फळ्यावरची ओळ उताराला लागली तरी कुणी बोलत नाही. पण वर्गाचा फोटो काढला आणि त्याच्या कोपऱ्यात अक्षांश-रेखांश उमटले नाहीत, तर पाठ झालाच नाही असं धरून चालायचं. बी.एड. 2015 पासून एकाऐवजी दोन वर्षांचं झालं. वाढीव वर्षात काय शिकवतात, अशी शंका असणाऱ्यांसाठी खुलासा: मोबाइल आडवा धरायला.

आंतरवासितेला गेलेल्या एका छात्राध्यापिकेला (नाव सांगत नाही, तिला अजून नोकरी लागायची आहे) सहावीचा भूगोल मिळाला. पाठ नेमका वृत्तांचा. तिनं मैदानात एक काठी रोवली आणि मुलांना सावलीच्या टोकाशी खडे ठेवायला सांगितले. बारा वाजले तरी सावली आखूडच होत चालली. मुलं गोंधळली, घड्याळ खोटं की सूर्य, यावर दोन तट पडले. मग बाईंनी सांगितलं की आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर चालतं आणि आपण त्याच्या पश्चिमेला राहतो. दर अंशाला चार मिनिटं. म्हणून रत्नागिरीचा सूर्य सरासरी बारा सदतीसच्या सुमारास डोक्यावर येतो आणि गोंदियाचा बारा वाजून नऊ-दहा मिनिटांनी. एकच राज्य, एकच घड्याळ, आणि दुपारी मात्र जवळपास अर्ध्या तासाचा फरक. मागच्या रांगेतल्या पोरानं विचारलं, "मग आपल्या मधल्या सुट्टीची वेळ चुकीची आहे का?" असा प्रश्न आला की शिक्षकानं त्या दिवशीचा पगार न घेताही घरी जावं. छात्राध्यापिकेला तो तसाही नसतो.

पाठाचं निरीक्षण मात्र वेगळं झालं. टाचणात 'तंत्रज्ञानाचा वापर' असा रकाना आहे. त्यात तिनं 'काठी' लिहिलं होतं. गुण शून्य. फोटो होता, पण एका मुलाचं कोपर मध्ये आलं होतं. निरीक्षकांनी तो दोन बोटांनी मोठा करून पाहिला आणि म्हणाले, "मॅडम, रेखांश कापला गेलाय." रेखांशाच्या पाठात! पाठ पुन्हा घ्यावा लागला. म्हणजे मुलांना आत आणून स्मार्ट बोर्डासमोर बसवलं. लाइट नव्हती, त्यामुळे बोर्ड काळा होता; जुन्या फळ्याशी साम्य सोडलं तर त्याचा काही उपयोग नव्हता. बाईंनी बंद बोर्डाकडे बोट दाखवलं, मुलांनी बंद बोर्डाकडे कुतूहलानं पाहिलं, फोटो निघाला. या वेळी रेखांश सहा दशांश स्थळांपर्यंत पूर्ण आला. पूर्ण गुण.

या सहा दशांश स्थळांवर आमचं फार प्रेम बसलं आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर साधारण 111 किलोमीटर. पहिलं दशांश स्थळ अकरा किलोमीटरचं, चौथं अकरा मीटरचं, सहावं अकरा सेंटिमीटरचं, म्हणजे अर्धी वीत. वरच्या कार्यालयाला शिक्षक कुठं उभा आहे हे अर्ध्या वितीपर्यंत कळायला हवं. त्यानं डावा पाय टेकला होता की उजवा, हेही यातून काढता यावं. गंमत अशी की साधा मोबाइल मोकळ्या आभाळाखालीसुद्धा चार-पाच मीटर इकडेतिकडे होतो आणि पत्र्याच्या छपराखाली त्याहून जास्त भरकटतो. शेवटचे एकदोन आकडे निव्वळ कल्पनाविलास आहेत. ज्या फोटोवर शिक्षकाचा प्रामाणिकपणा ठरतो, त्या फोटोतलाच रेखांश थापा मारतो. पण त्याला कुणी कारणे दाखवा नोटीस देत नाही. बाई मुतारीमागच्या बाभळीत उभ्या राहून इतिहास शिकवत होत्या असं एखाद्या दिवशी पोर्टलवर दिसेल, आणि मग बाभळीत राहून शिकवण्याची परवानगी कुणाकडून घेतली, याची चौकशी लागेल. चौकशी अधिकारी येतील. तेही बाभळीशेजारी उभं राहून स्वतःचा फोटो काढतील, कारण भत्त्यासाठी त्यांनाही अक्षांश-रेखांश लागतात. आणि त्यांचा फोटो शेजारच्या नाल्यात निघेल.

आता हसणं पुरे. 1975-76 मध्ये याच देशानं उपग्रहावरून सहा राज्यांतल्या 2400 खेड्यांत टीव्ही पोहोचवला. 2004 मध्ये केवळ शिक्षणासाठी म्हणून एक उपग्रह सोडला. तेव्हा आभाळातून धडा खाली यायचा. आता उपग्रह खाली पाहतो तो गुरुजी जागेवर आहेत की नाही हे बघायला. खिचडीचा फोटो, वृक्षारोपणाचा फोटो, हात धुण्याचा फोटो, आणि फोटो काढत असल्याचा फोटो. जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक कामाला जुंपू नये, असं शिक्षण हक्क कायद्याचं सत्ताविसावं कलम सांगतं. छायाचित्रण त्या यादीत आम्हाला सापडलं नाही. शाळेचं वीजबिल थकलं की स्मार्ट बोर्ड बंद पडतो; फोटो मागणारं ॲप कधीच बंद पडत नाही, कारण ते गुरुजींच्या खिशातल्या मोबाइलवर, त्यांच्याच पैशांच्या नेटवर चालतं. याला तंत्रज्ञान म्हणायचं? ही हजेरी आहे, आणि तीही ज्याच्यावर विश्वास नाही त्या माणसाची. ज्याच्या शब्दावर आपण पाऊण मिनिट विश्वास ठेवत नाही, त्याच्या हाती आपली पोरं मात्र दिवसभर सोपवतो.

तेव्हा भावी शिक्षकांनो, मोबाइल जरूर वापरा. तो मुलांच्या हातात द्या आणि मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्यांना चालू द्या. चौथा दशांश सरकताना ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहतील. आणि पाहणीला येणाऱ्या साहेबांना एक विनंती. फोटो मागू नका. मागच्या बाकावर या, 35 मिनिटांचा पूर्ण तास बसा, आणि जाताना एखाद्या मुलाला विचारा की आज काय कळलं. त्याला सांगता आलं नाही, तर खुशाल बाईंना शून्य द्या.