उशी शिवणारा गृहस्थ

प्रवासात न्यायची हलकी उशी स्वतः शिवणारा गृहस्थ डोंगराळ मुलुखातच आढळतो, असा समज आहे. तंजावरने तो खोटा ठरवला आहे. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातले हे शहर इतके सपाट की सुमारे २०० फूट उंचीचे बृहदीश्वराचे विमान हेच तिथले शिखर, आणि त्यावर चढायला परवानगी नाही. तरीही तिथल्या मराठी घरांत हा गृहस्थ चांगला रुजला आहे. तो साधारणपणे निवृत्तीच्या अलीकडे-पलीकडे असतो. घरात मराठी बोलतो, बाजारात तमिळ, आणि उशीविषयी बोलताना इंग्रजीवर येतो.

पूर्वजांकडून त्याला हा गुण मिळालेला नाही. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी १८२० साली काशीयात्रेला निघाले, तेव्हा त्यांच्याबरोबर सुमारे ३००० माणसे होती. त्या लवाजम्यात कोणी उशी तोलल्याचे ऐकिवात नाही. गृहस्थ मात्र कोल्ली मलईच्या डोंगरांत दोन रात्री राहायला निघाला, तरी वजन वाचवायला टूथब्रशचा दांडा अर्धा कापतो.

या विकाराची सुरुवात बहुधा उळवन एक्स्प्रेसमध्ये होते. रात्रीच्या या गाडीने तंजावरहून चेन्नईला जाताना स्लीपर डब्यात उशी मिळत नाही. चपला पिशवीत घालून ती पिशवी उशाला घेणे हा पिढीजात उपाय त्याला पटेनासा होतो. मग तो फुगवायची उशी विकत घेतो. ती कुशीवर वळताच करकरते, डोक्याखालून निसटते आणि पहाटे वारा सोडून मोकळी होते. चेन्नईला उतरेपर्यंत त्याचा निश्चय झालेला असतो.

पहिला प्रश्न कापडाचा. रिपस्टॉप नायलॉन चांगले, कारण त्यातल्या जाड धाग्यांच्या चौकटीमुळे फाटलेली जागा पुढे पसरत नाही. मात्र मागवलेले कापड येईपर्यंत त्याला धीर धरवत नाही, आणि घरातली एक छत्री नाहीशी होते. गालाला नायलॉन चिकटते, म्हणून वरची बाजू मलमलीची. ही मलमल कोणाच्या तरी जुन्या वेष्टीतून, म्हणजे धोतरातून, येते. वेष्टी जुनी आहे, हे तिच्या मालकाला नंतर कळते.

दुसरा प्रश्न भरावाचा. इथे तमिळनाडू त्याच्या बाजूने उभा राहतो. इलवम पंजु म्हणजे पांढऱ्या सावरीचा कापूस तिथे घरोघरच्या गाद्या-उशांत असतो. त्याचा तंतू आतून पोकळ आणि वरून मेणचट, म्हणून तो हलका असतो आणि पाणी धरत नाही. पूर्वी बोटींवरच्या जीवरक्षक जाकिटांत तोच भरत. ही माहिती गृहस्थ दर पाहुण्याला देतो. कावेरीला पूर आला तरी आपली उशी तरंगेल, याची त्याला खात्री असते. डोक्याचे काय होईल, हे त्याने सांगितलेले नाही.

शिवणकाम तसे सोपे आहे. ४० बाय ३० सेंटिमीटरची उशी, चारी बाजूंना एक सेंटिमीटर जादा. टाचण्यांची भोके नायलॉनवर कायम राहतात, म्हणून कडा कपड्यांच्या चिमट्यांनी धरतात. त्या दिवशी वाळत घातलेले कपडे गच्चीभर उडतात. आधी सुलट बाजू बाहेर ठेवून टीप मारायची, कडा कातरायच्या, पिशवी उलटवून पुन्हा टीप मारायची, म्हणजे सुटे धागे शिवणीत बंद होतात. शेवटी पिशवी सुलट करून, भरावासाठी उघडे ठेवलेल्या तोंडाला नेफा करून नाडी ओवायची. मशीनमध्ये दोरा ओवणे, बॉबिन भरणे आणि गुंता सोडवणे ही कामे पत्नी करते. उरलेले सर्व गृहस्थ एकट्याने करतो, आणि ‘मी शिवली’ असे सांगतो.

कापूस भरताना पंखा बंद ठेवावा लागतो. तंजावरच्या मे महिन्यात याचा अर्थ काय, ते घरच्यांनाच विचारावे. दीड-दोनशे ग्रॅम कापूस आत जातो. तेवढाच भुवयांवर, देवघरात आणि सांबारात आढळतो.

मग वजन. स्वयंपाकघरातला काटा त्याला ढोबळ वाटतो, म्हणून तो उशी घेऊन ओळखीच्या सराफाकडे जातो. सराफ ती तोलून देतो आणि सवयीने घडणावळ विचारतो. आकडा ऐकून गृहस्थ खिन्न होतो. कापूस काढून आत बरोबरचे जादा कपडे कोंबले, तर नुसती खोळ २५ ग्रॅममध्ये बसते, असा शोध त्याला लागतो. पिशवी उशाला घेण्याच्या पिढीजात उपायाशी या शोधाचे साम्य आहे, हे त्याच्या आईच्या लगेच लक्षात येते.

वाचवलेल्या वजनाचा हिशेबही पाहण्यासारखा असतो. उशीबरोबर जादा खोळ, सुई-दोरा, नाडी ओवायची पिन आणि ओल लागू नये म्हणून आणखी एक पिशवी जाते. अशा रीतीने शंभर ग्रॅम वाचवून गृहस्थ पाव किलो सामान वाढवतो. शिवाय निघायची तारीख सुधारित आवृत्तीसाठी पुढे ढकलली जाते. सावरीचे बोंड पिकेल म्हणून पोपट वाट पाहत बसला आणि शेवटी नुसता कापूस उडाला, अशी तमिळमध्ये म्हण आहे. कोल्ली मलईच्या घाटातल्या ७० वळणांची वाट पाहणारी मुले ती म्हण बापासमोर काढत नाहीत.

सावरीच्या उशीची निगा सोपी आहे. ती धुऊ नये, उन्हात घालावी आणि हाताने थोपटून मोकळी करावी. अशी राखलेली उशी बरीच वर्षे टिकते. त्या वर्षांतल्या बहुतेक दुपारी ती झोपाळ्यावर आईच्या डोक्याखाली असते. उशी बरी झाली आहे, जरा जड असती तर आणखी बरी, असे तिचे मत आहे.