पट्टीच्या चौकशीसाठी चार दाबा

प्रति,
क्लाउड टेलिफोनी, वेबसाइट व चॅटबॉट हे तिन्ही एकरकमी विकणारे साहेब,
मुक्काम पुणे.

सप्रेम नमस्कार, वि. वि.

आपली यंत्रणा आमच्या सांगली मार्केट यार्डातल्या आडत दुकानात बसल्यापासून आम्हाला जे सुख लाभलं आहे, ते चारचौघांत सांगावं म्हणून हे पत्र. खासगीत कळवायचा प्रयत्न केला होता. आपल्या कचेरीत फोन लावला, तर ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ एवढं कळलं आणि पुढे बासरी लागली. बासरी चांगली होती.

आपण येण्यापूर्वी दुकानात ०२३३ चा एक साधा फोन होता. वाजला की दिवाणजी उचलायचे, ‘बोला’ म्हणायचे. समोरचा नुसता खाकरला तरी त्यांना गाव कळायचं, गेल्या साली किती पोती आली होती तेही आठवायचं. अथणीकडचा शेतकरी कन्नडमध्ये सुरू झाला की दिवाणजीही कन्नडमध्ये सुरू. त्यासाठी कुणाला काही दाबावं लागत नसे. असला मागास कारभार.

हंगामात त्या फोनवर मुख्यतः दोनच प्रश्न यायचे. ‘आज राजापुरी हळदीला काय भाव निघाला?’ आणि ‘आमची पट्टी झाली का?’, म्हणजे विकल्या मालाचा हिशेब आणि पैसे. पहिल्याचं उत्तर आम्ही अख्ख्या गाळ्याला ऐकू जाईल असं द्यायचो. दुसरा आला की दिवाणजींना खोकला यायचा. साहेब, तुमच्या शोधाचं खरं मोल इथे आहे. आता भावासाठी एक दाबायचं, नव्या मालासाठी दोन, वाहतुकीसाठी तीन, पट्टीसाठी चार आणि उचल हवी असेल तर पाच. पाचही विभागांत दिवाणजीच बसतात, त्याच गादीवर, त्याच तक्क्याला टेकून. स्क्रीनवर ‘चार’ उमटलं की ते चहा मागवतात. पूर्वी पैसे थकवले तर माणसाला तोंड चुकवत फिरावं लागे. आता त्याला ‘सर्व प्रतिनिधी व्यस्त आहेत’ म्हणतात. खोकल्याचं औषधही बंद झालं.

‘तुमचं दुकान मोठ्या कंपनीसारखं वाटेल’ असं आपण म्हणाला होता. वाटलं. जतच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला आमचा फोन लागल्यावर बाईंचा गोड आवाज ऐकू आला आणि त्याने घाईने ठेवून दिला. नंतर समक्ष येऊन म्हणाला, “आता ओटीपी मागत्यात म्हणून ठेवला बघा.” आम्ही उलट फोन करावा, तर तो तुमच्या नव्या नंबरावरून जातो आणि लोक उचलतच नाहीत. जाहिरातवाल्यांच्या १४० ने सुरू होणाऱ्या नंबरांनी गावोगावच्या माणसांना शहाणं केलं आहे. ०२३३ दिसला की मात्र ‘सांगलीचा हाय’ म्हणून भाकरी बाजूला ठेवून उचलायचे.

दाबण्याची कला आपण आणली, असा मात्र गैरसमज नको. पुसेगावच्या यात्रेत बैलाचा सौदा रुमालाखाली बोटं दाबूनच होत आला आहे. बोट दाबलं की आकडा कळतो, हात झटकला की सौदा फिसकटला. तिथे एवढंच की रुमालाच्या दुसऱ्या टोकाला हात असतो.

कायद्याचंही श्रेय आपल्याला देतो. १ एप्रिल २००२ पासून नेटवरून परदेशी बोलायची मुभा मिळाली, पण इथल्या इथे साध्या फोनवर नेटवरून बोलायला दार नीट उघडलं ते २०१८ मध्ये. त्याच साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. एकाच वर्षात हळद आणि आपण, दोन्ही मानाला चढलात.

एक बारीक तक्रार. जुन्या फोनला वीज टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांतून तारेवाटेच यायची, ४८ व्होल्टची. गावभर अंधार असला तरी तो वाजायचा. आपला फोन राउटरवर चालतो, राउटर महावितरणवर आणि महावितरण पावसावर. वळवाची पहिली झुळूक आली की आमची पाचही खाती एकदम मुकी.

आणि आमच्याकडे पाऊस म्हणजे नुसता पाऊस नसतो. आमचं एक गोदाम गणपती पेठेत आहे. आयर्विन पुलापाशी कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टात ती ५७ च्या वर गेली होती. आमचे व्याही सातारा जिल्ह्यातले, पाटणचे. कोयनेचे दरवाजे उचलले की त्यांचा फोन यायचा, रात्री-अपरात्री. ते पाणी सांगलीत पोचेपर्यंत पोती माळ्यावर चढायची. मागच्या पावसाळ्यात त्यांनी असाच रात्री फोन केला. बाईंनी स्वागत केलं, मराठीबद्दल विचारलं, पाच खाती वाचून दाखवली. नदीचं खातं त्यांत नव्हतं. व्याह्यांनी सुचेल ते दाबलं, म्हणजे तीन, वाहतूक. ‘कार्यालयीन वेळ सकाळी दहा ते सहा’ असं ऐकून त्यांनी ठेवला. लगेच त्यांना मेसेज गेला: आमच्या सेवेला किती तारे द्याल? पाणी त्या खेपेला इशाऱ्याच्या खालीच थांबलं. व्याही अजून नीट बोलत नाहीत.

वेबसाइट सुरेख झाली आहे. ‘आमचे सांगली कार्यालय’ या फोटोत कानाला हेडफोन लावलेली जी सोनेरी केसांची बाई हसते, तिला बघायला हमाल आळीपाळीने दिवाणजींच्या खुर्चीमागे येतात. ‘आजचा भाव’ या पानावर दिवाळीचा भाव आहे. तो शेतकऱ्यांना इतका आवडला की दोघं तोच मागायला आले. चॅटबॉटला ‘हळद’ म्हटलं की तो चेहरा उजळण्याचे उपाय सांगतो. साताऱ्यात आमच्या ओळखीच्या एका पेढेवाल्यांनाही आपण गाठल्याचं कळलं. त्यांच्या बॉटला गिऱ्हाइकानं विचारलं, “कंदी पेढे आजचे आहेत का?” उत्तर आलं, ‘होय, आम्ही २०११ पासून आपल्या सेवेत आहोत.’ खवा तांबूस होईस्तोवर कढईपाशी उभं राहणाऱ्या माणसाला हे वाचून दाखवलं, तेव्हा त्याने उलथनं खाली ठेवलं.

असो. आपलं वार्षिक नूतनीकरणाचं बिल पोचलं. रक्कम वाचली. आपल्या वसुली खात्याचे फोन रोज येतात, हेही स्क्रीनवर दिसतं. ते बहुधा एक दाबतात आणि हळदीचा भाव ऐकून ठेवतात. त्यांना कृपया चार दाबायला सांगावं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक आडतदार,
सांगली